मॅग्नमची ताकद आणि राजगुरूंचा नेम

बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, एअर ड्रॉप उघडल्यावर सगळ्यात आधी काय शोधतोस? उत्तर ठरलेलं असतं, एडब्ल्यूएम. तिच्यासोबत येणारी मोजकीच ३०० मॅग्नमची काडतुसं, एका मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, आणि हेल्मेट असलं तरी एका गोळीत समोरचा आडवा. माझा आतेभाऊ अकरावीला आहे. मागच्या सुट्टीत तो आमच्याकडे राजगुरुनगरला आला होता. भीमेच्या काठावरच्या हुतात्मा राजगुरू वाड्यात त्याला घेऊन गेलो, तर तिथे त्याने मला सहज विचारलं, दादा, राजगुरूंकडे कुठली गन होती रे? मॅग्नम होती का?

मला आधी हसू आलं. पण परत येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो होतो, तेव्हा वाटलं की प्रश्न तितकासा वेडगळ नाही. राजगुरू म्हणजे क्रांतिकारकांच्या टोळीतला पक्क्या नेमाचा माणूस. मग त्यांच्या काळात ताकदवान शस्त्र म्हणजे काय होतं? आज मॅग्नम म्हणजे नेमकं काय? आणि जास्त ताकदीचं काडतूस मिळालं की नेम आपोआप चांगला होतो का? चला तर मग, राजगुरूंच्या आयुष्यातूनच हे समजून घेऊया.

खेडचा शिवराम

शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी पुणे जिल्ह्यातल्या खेडला झाला. आजचं राजगुरुनगर ते हेच, त्यांच्याच नावाने ओळखलं जाणारं. घराण्याचं मूळ आडनाव ब्रह्मे. चाकणच्या कचेश्वर ब्रह्मे यांना छत्रपती शाहू महाराजांच्या काळात राजगुरू म्हणून मान मिळाला आणि पुढे तेच आडनाव झालं, असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे आज जिथे गाड्यांचे कारखाने आहेत, तिथल्या मातीशी या घराण्याचं नातं जुनं आहे.

वडील हरी नारायण शिवराम सहा वर्षांचे असतानाच वारले. आई पार्वतीबाई आणि थोरले बंधू दिनकर यांच्यावर घराची जबाबदारी आली. सुरुवातीचं शिक्षण खेडला, पुढे पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. पण या पोराचं मन शाळेच्या पुस्तकात कमी आणि तालमीत जास्त रमायचं. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांनी घर सोडलं आणि थेट काशी गाठली. आता विचार करा, तेव्हा ना मोबाईल ना गुगल मॅप, आणि खिशात पैसे नाहीत. काशीला ते संस्कृत शिकले आणि तिथेच त्यांची उत्तर भारतातल्या क्रांतिकारकांशी गाठ पडली. चंद्रशेखर आझादांनी त्यांना संघटनेत घेतलं. सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात बैठक होऊन संघटनेचं नाव हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशन झालं. या संघटनेत राजगुरू रघुनाथ या टोपणनावाने वावरायचे.

सोबत्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत राजगुरूंच्या दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे त्यांची झोप. कुठेही, कशीही, उभ्याउभ्यासुद्धा. दुसरी म्हणजे सहन करायची तयारी. पोलिसांनी छळ केला तर आपल्याला सोसवेल का, हे बघायला त्यांनी तापलेला चिमटा स्वतःच्या छातीला लावून घेतला होता, अशी आठवण आहे. आणि तिसरी अर्थातच त्यांचा नेम.

आधी थोडं काडतुसाविषयी

आता थोडा टेक्निकल भाग, पण घाबरू नका. काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. गोळीची ऊर्जा काढायचं सूत्र आपण शाळेत शिकलोय, वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. यातली गंमत वर्गात आहे. गोळी दुप्पट जड केली तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून बंदूक बनवणारे कायम वेगाच्या मागे लागलेले असतात.

वेग वाढवायचा तर दारू जास्त हवी, आणि दारू जास्त भरायची तर पुंगळी मोठी हवी. त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा मोठी पुंगळी आणि जास्त दारू, हाच मॅग्नमचा साधा अर्थ. हा शब्द आला दारूच्याच धंद्यातून, पण प्यायच्या. दीड लिटरच्या मोठ्या वाइनच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. इंग्रज बंदूककारांनी तो शब्द उचलला. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंड कंपनीने .३७५ मॅग्नम काढलं, ते मोठ्या शिकारीसाठी. विंचेस्टर कंपनीचं .३०० मॅग्नम आलं १९६३ मध्ये. तुमच्या गेममधल्या ३०० मॅग्नमची आठवण करून देणारं नाव ते हेच.

राजगुरूंच्या काळातलं मॅग्नम

म्हणजे १९२८ साली लांब पल्ल्याचं मॅग्नम रायफल काडतूस जगात होतं, पण ते साहेब लोकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यात. क्रांतिकारकांना रायफल लपवणं शक्य नव्हतं. त्यांना हवं होतं कोटाखाली मावेल असं काहीतरी. त्यामुळे त्यांच्या स्वप्नातलं एअर ड्रॉप म्हणजे माउझर पिस्तूल.

जर्मनीचं माउझर सी-९६ हे १८९६ चं डिझाइन. काडतूस ७.६३ मिलिमीटरचं. साडेपाच ग्रॅमची हलकी गोळी सेकंदाला साधारण ४३० मीटर वेगाने सुटायची. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम येईपर्यंत बाजारात मिळणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसांत हेच सगळ्यात वेगवान मानलं जायचं. म्हणजे मॅग्नम हे नाव नसलं तरी त्या काळच्या पिस्तुलांतलं मॅग्नम तेच. त्याचं लाकडी म्यान मागे जोडलं की पिस्तुलाची छोटी रायफल व्हायची आणि बऱ्याच मॉडेलच्या साइटवर तर १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असायचे! फोनच्या बॉक्सवर १०० एक्स झूम लिहितात ना, तसाच प्रकार. आकडा खरा, पण त्या अंतरावर कामाचं काही हाती लागेल असं नाही.

या पिस्तुलाचं वेड आपल्या क्रांतिकारकांमध्ये आधीपासून होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्याला रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर आणि सुमारे ४६,००० काडतुसं क्रांतिकारकांनी पळवली होती. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरीच्या कटातही माउझर होतं, आणि इथेच या ताकदीची दुसरी बाजू दिसली. रेल्वे थांबवून सरकारी खजिना लुटायचा, प्रवाशांना धक्का लावायचा नाही, असं ठरलेलं. पण मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून माउझर चुकून उडालं आणि अहमद अली नावाचा एक प्रवासी मेला. पुढे खटल्यात चौघांना फाशी झाली. पिस्तूल जितकं ताकदवान, तितकी एका चुकीची किंमत मोठी.

१७ डिसेंबर १९२८

आता मुख्य घटनेकडे येऊ. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला सायमन कमिशनविरुद्ध मोर्चा निघाला. पोलीस अधीक्षक स्कॉट याच्या हुकमाने लाठीमार झाला. त्यात लाला लजपतराय जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला वारले. याचा बदला म्हणून स्कॉटला मारायचं संघटनेने ठरवलं.

बरोबर एक महिन्याने, १७ डिसेंबरला संध्याकाळी, लाहोरच्या पोलीस कचेरीबाहेर चौघे उभे होते. जयगोपालचं काम होतं स्कॉट बाहेर आला की खूण करायची. भगतसिंग आणि राजगुरू गोळी झाडणार होते आणि आझाद मागे राहून परतीचा रस्ता मोकळा ठेवणार होते. दारातून एक गोरा अधिकारी मोटारसायकलवर निघाला. जयगोपालने खूण केली. राजगुरूंनी पहिली गोळी झाडली आणि तो अधिकारी खाली कोसळला. पाठोपाठ भगतसिंगांनी आपल्या पिस्तुलातून आणखी गोळ्या झाडल्या.

फक्त, तो स्कॉट नव्हता. तो होता सहाय्यक अधीक्षक जॉन साँडर्स, वय वर्षं २१. राजगुरू तेव्हा वीस वर्षांचे होते. हा स्कॉट नव्हे, हे भगतसिंगांच्या शेवटच्या क्षणी लक्षात आलं होतं, पण तोवर राजगुरूंची गोळी सुटली होती, असंही सांगितलं जातं. मागे धावलेला चनन सिंग हा हिंदी हवालदार आझादांच्या गोळीने मेला. तिघे समोरच्या डीएव्ही कॉलेजच्या आवारातून निसटले. दुसऱ्या दिवशी लाहोरच्या भिंतींवर संघटनेची पत्रकं लागली. त्यांत कारण सांगितलं होतं, आणि माणसाचं रक्त सांडावं लागल्याबद्दल खेदही व्यक्त केला होता.

थोडं गणित करून बघू

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. भगतसिंगांच्या नावाशी जोडलं गेलेलं पिस्तूल .३२ कोल्ट ऑटोमॅटिक आहे. आझादांचं प्रयागराजच्या संग्रहालयातलं पिस्तूलही .३२ कोल्टच. त्याची गोळी ४.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. सूत्रात घाला, ऊर्जा येते साधारण १७५ जूल. माउझरची येते ५०० जूल. आपले पोलीस वर्षानुवर्षं वापरत आलेली थ्री नॉट थ्री रायफल सुमारे ३१०० जूल. ३०० विंचेस्टर मॅग्नम ४७०० च्या आसपास आणि ३३८ लापुआ मॅग्नम ६५०० च्या आसपास. स्पेक्सचा तक्ता लावला तर .३२ कोल्ट बिचारं बजेट फोनसुद्धा नाही.

पण आता अंतर घाला. गोळी हवेत असते तितका वेळ ती खाली पडत असते. दहा मीटरवर .३२ ची गोळी जेमतेम साडेसहा मिलिमीटर खाली येते आणि माउझरची पावणेतीन. फरक चार मिलिमीटरचा, म्हणजे एका पेन्सिलच्या जाडीहूनही कमी. तेच अंतर १०० मीटर केलं तर .३२ ची गोळी अंदाजे ७० सेंटीमीटर खाली येते आणि माउझरची त्याच्या जवळपास निम्मी. म्हणजे ताकदवान काडतुसाचा खरा फायदा अंतर वाढलं तरच मिळतो. जवळून ती सगळी ताकद वाया जाते. रस्त्याच्या कडेला काही पावलांवरून झाडलेल्या पहिल्याच गोळीत काम झालं, त्यात वाटा होता न थरथरणाऱ्या हाताचा. काडतुसाच्या जूलचा नाही.

मग मॅग्नम हवं कुणाला?

हवं असणारे आहेत. डोंगरात समोरच्या टेकडीवरचा माणूस हजार-बाराशे मीटरवर असतो. तिथे जलद गोळी सपाट जाते, कमी वेळ हवेत राहते, वाऱ्याने कमी सरकते. म्हणून जगभरचे स्नायपर मॅग्नमकडे वळले. आपल्या सैन्यानेही नियंत्रण रेषेवर ३३८ लापुआ मॅग्नमची साको रायफल आणली आहे. २००९ मध्ये अफगाणिस्तानात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश सैनिकाने याच काडतुसाने २४७५ मीटरवरून नेम साधला होता, आणि तो त्या वेळचा विक्रम होता. पण ते काही गेमसारखं एका फटक्यात झालं नाही. अंतराचा आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला आधी बरेच राउंड खर्च झाले होते.

आता किंमत बघा, कारण गेम ती तुम्हाला दाखवत नाही.

पहिली गोष्ट धक्का. गोळी पुढे जाते तितक्याच जोराने बंदूक मागे येते, न्यूटनचा तिसरा नियम. सारख्याच वजनाच्या रायफलमध्ये ३०० मॅग्नमचा धक्का साध्या ३०८ च्या साधारण दीडपट बसतो. दहा-वीस राउंड झाले की खांद्याला आठवण राहते. मग पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि खांदा आक्रसतो. बार व्हायच्या आधीच नेम बिघडतो. जास्त ताकदीने नेम सुधारायच्या ऐवजी बिघडतो तो असा.

दुसरी गोष्ट नळीचं आयुष्य. जास्त दारू म्हणजे जास्त उष्णता, आणि नळीच्या सुरुवातीचा भाग झिजतो. ३०८ ची चांगली नळी पाच हजार राउंड सहज टिकते, तर ३०० मॅग्नमची दीड-दोन हजारांतच थकते. फास्ट चार्जिंग आणि बॅटरीचं जे नातं, तेच इथे.

तिसरी गोष्ट आवाज. १६० डेसिबलच्या वर, कानाला कायमची इजा करणारा. चौथी वजन, कारण धक्का कमी करायचा तर रायफल जड करावी लागते. पाचवी किंमत, कारण काडतूस महाग असलं की सराव कमी होतो, आणि सरावाशिवाय हे सगळं निरुपयोगी.

आणि सहावी वारा. मॅग्नम झालं तरी हजार मीटर कापायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा तिला एक मीटरहून जास्त बाजूला नेतो. काडतूस कितीही भारी असो, वारा वाचायचं काम माणसालाच करावं लागतं.

शेवटचा प्रवास

साँडर्सच्या वधानंतर लाहोरमध्ये नाकाबंदी झाली. २० डिसेंबरच्या सुमाराला दुर्गाभाभी लहान शचीला सोबत घेऊन रेल्वेत बसल्या. भगतसिंग साहेबी टोपीत त्यांचे पती झाले आणि राजगुरू झाले त्यांचे नोकर. पोलीस पहारा देत होते एका केसधारी शीख तरुणासाठी. समोरून सूटबूट घातलेलं कुटुंब आणि सामान उचलणारा गडी निघून गेला आणि कुणाला संशय आला नाही. लखनौला राजगुरू वेगळे झाले आणि काशीला गेले. शस्त्र जवळ होतं, पण त्या दिवशी त्यांना वाचवलं ते एका बाईच्या धीराने आणि नोकराच्या वेषाने.

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकायला जायची राजगुरूंची फार इच्छा होती. निवड झाली भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांची. आपल्याला मागे ठेवलं याची खंत त्यांना बरेच दिवस होती म्हणतात. भगतसिंगांचं पिस्तूल तिथे पोलिसांच्या हाती लागलं आणि पुढे लाहोर खटल्यात पुरावा झालं. ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक गोळीमागे एक रिकामी पुंगळी बाहेर फेकतं, आणि त्या पुंगळीवर त्या पिस्तुलाच्या खुणा उमटतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बार स्वतःचा लॉग मागे ठेवतो.

पण पुंगळ्यांपेक्षा जास्त बोलली ती माणसं. ज्याच्या खुणेवर राजगुरूंनी गोळी झाडली, तोच जयगोपाल पकडला गेल्यावर माफीचा साक्षीदार झाला. राजगुरू सप्टेंबर १९२९ मध्ये पुण्यात पकडले गेले. खास न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल दिला. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी लाहोर तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिली गेली, ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधीच. राजगुरूंचं वय तेव्हा २२ होतं. लोकांच्या गर्दीच्या भीतीने मृतदेह गुपचूप बाहेर काढून सतलजच्या काठी हुसैनीवालाजवळ जाळले गेले. फाळणीनंतर ती जागा पाकिस्तानात गेली. १९६१ मध्ये बारा गावं देऊन भारताने ती परत घेतली. आज तिथे तिघांचं स्मारक आहे आणि भगतसिंगांचं ते .३२ कोल्टही तिथल्याच सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात ठेवलं आहे.

आतेभावाला दिलेलं उत्तर

मी त्याला सांगितलं, नाही रे, राजगुरूंकडे मॅग्नम नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी काही फरक पडला नसता. त्या दिवशी नेम बरोबर लागला, चुकली ती माहिती. समोरचा माणूस कोण आहे, हे कुठलंही काडतूस सांगत नाही. नेम राजगुरूंचा असला तरी खूण दुसऱ्याची होती. आज कॅमेरा, थर्मल स्कोप, लेझर, सगळं आहे, पण हा प्रश्न तसाच आहे. उलट पल्ला जितका लांब, तितका समोरचा चेहरा लहान दिसतो आणि ओळखण्यात चूक व्हायची शक्यता वाढते. गेममध्ये चुकलं तर लॉबीत परत येता येतं. तिथे अनडू नव्हतं. साँडर्सला नव्हतं, चनन सिंगला नव्हतं आणि राजगुरूंनाही नव्हतं. राजगुरूंनी ती किंमत माहीत असून मोजली, म्हणून आपल्या गावाला त्यांचं नाव आहे.

त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला की मग पंधराव्या वर्षी घर सोडून काशीला जाणं हेच जास्त अवघड होतं. मला हे सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्याने जाताना राजगुरुनगरला थांबलात, तर वाड्यात जरूर जा. जन्माची खोली छोटी आहे, बघायला पाच मिनिटं लागतात. मागे भीमा वाहते. आतेभाऊ तिथे अर्धा तास बसून होता, आणि तेवढा वेळ त्याचा फोन खिशातच राहिला.